पिकेटच्या भेटीगाठी

पिकेट, नेब्रास्का
१० सप्टेंबर १९६६

श्री. ऑरिन वासेक यांस,

तुमचं 'पिकेट क्लॅरियन' साप्ताहिक ताब्यात घेऊन आज तीन आठवडे झाले आणि माझ्या हातचा पहिला अंक परवा गुरुवारी निघाला. खोकल्यापायी पेपर विकून ॲरिझोनाला मुलीकडे निघताना तुम्ही म्हणाला होतात, "अडलं तर लिहा." तर अडलंय.

छापखान्यातली शेगडी पेटत नाही. तुमचा छपाईचे खिळे जुळवणारा फर्डिनंड म्हणतो, "तिच्या मनात आलं की पेटते." हे झालं लहान दुखणं. मोठं असं की, पहिल्या अंकात मी राज्याच्या नव्या रस्त्याची बातमी दिली. ती मी चार दिवस खपून, नकाशासकट लिहिली होती. जागा कमी पडली म्हणून मिसेस अल्विना कुचेरा यांचं 'भेटीगाठी' हे सदर गाळलं. अमुक कुटुंब रविवारी तमुक कुटुंबाकडे जेवायला गेलं होतं, एवढंच तर असतं त्यात! पिट्सबर्गच्या दैनिकात सहा वर्षं काढलेल्या माणसाला ती बातमी वाटली नाही, यात माझं काय चुकलं?

काल सकाळपासून बावीस माणसं ऑफिसात येऊन गेली. रस्त्याबद्दल एकानेही तोंड उघडलं नाही. सगळे दारात उभं राहून, टोपी हातात घेऊन, एकच विचारतात: "अल्विनाची तब्येत बरी आहे ना?"

आणि आणखी एक. सोमवारी मी खाटकाकडून एकाऐवजी मांसाचे दोन चॉप घेतले. संध्याकाळी पोस्टमास्तरांनी विचारलं, "पाहुणे कोण आलेत?" दुसऱ्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर तिघी बायकांनी विचारलं, "गुरांचे डॉक्टर होते का जेवायला?" गुरांचे डॉक्टर मी अजून पाहिलेलेही नाहीत. दुसरा चॉप मी मंगळवारी खाल्ला. हे कुठे जाहीर करू?

आपली,
मर्ना केसलर


मेसा, ॲरिझोना
१७ सप्टेंबर १९६६

मिस केसलर,

शेगडीला लाथ मारायची. डाव्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर. उजवीकडून मारलीत तर धूर तुमच्याच अंगावर येईल.

आता अल्विना. बाई, काय केलंत हे! अल्विना कुचेरा सत्तावीस वर्षं ते सदर लिहितेय. प्रसूतीच्या आठवड्यातही तिने मजकूर पाठवला होता, त्यात स्वतःच्या बाळाची बातमी शेवटून दुसरी होती. तुम्हाला वाटतं, कोण कुणाकडे जेवलं हे कळावं म्हणून लोक ते वाचतात. अहो, ते त्यांना रविवारी दुपारीच कळलेलं असतं! ते छापून आलं की नाही, सगळ्यांची नावं आली की नाही, आणि आजारातून उठलेल्या माणसाचं नाव पुन्हा यादीत आलं का, हे बघायला ते गुरुवारी पेपर उघडतात. आपण अजून मोजणीत आहोत, एवढं माणसाला कळलं की त्याचा आठवडा बरा जातो.

तेव्हा उठा आणि तिच्या शेतावर जा. टेलिफोन करून माफी मागू नका. त्या तारेवर आठ घरं आहेत आणि आठही कान लावून ऐकतील. ती कोलाचे, म्हणजे गोड सारणाचे चेक पाव, पुढे ठेवेल. तीन तरी खा. खसखशीचा आधी उचला. आलुबुखाराचा तिच्या सासूच्या रीतीचा असतो, त्याचं कौतुक आधी केलेलं तिला खपत नाही.

चॉपचं काही जाहीर करू नका. गावाला हिवाळ्यात बोलायला काहीतरी लागतं.

ऑरिन वासेक

ता. क. गुरांचे डॉक्टर चांगले आहेत. थोडे उंच आहेत.


पिकेट
७ ऑक्टोबर १९६६

वासेकसाहेब,

लाथ लागू पडली. तुमचा सल्लाही.

अल्विनाबाईंनी मला दारातच पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मी म्हटलं, "मी माफी मागायला आलेय." त्या म्हणाल्या, "त्याला वेळ आहे. आधी बूट काढ, फरशी ओली आहे." मग मी चार कोलाचे खाल्ले. तिसऱ्यानंतर त्यांनी विचारलं, "तुला ऑरिनने शिकवून पाठवलं ना, खसखशीचा आधी घे म्हणून?" मी खोटं बोलायचा प्रयत्न केला. त्यांचे यजमान खुर्चीतून पडेपर्यंत हसले.

निघताना त्या म्हणाल्या, "पोरी, तुझी रस्त्याची बातमी मी वाचली. चांगली होती. फक्त तो रस्ता ज्याच्या शेतातून जाणार, त्याचं नाव तू चुकवलंस." आता दर मंगळवारी सकाळी त्या स्वतः मजकूर घेऊन येतात आणि माझी कॉफी पिऊन तिला नावं ठेवतात.

आता कामाचं विचारते. शाळा बोर्डाच्या सभांची वही चाळत होते. अध्यक्ष लीरॉय बार्तोश यांची सही सगळीकडे आहे, पण गेल्या वर्षीच्या तीन सभांना फक्त तारीख आहे, पुढे मजकूरच नाही. आणि ठिकाण लिहिलंय: गार्नेट. आपलं शाळा बोर्ड अठरा मैलांवरच्या गार्नेट गावात जाऊन सभा कशाला भरवतं? फुटबॉलच्या दिवसांत तर इथली माणसं गार्नेटचं नाव घेतल्यावर थुंकतात. तुम्हाला याची काही कल्पना आहे?

तुमची,
मर्ना केसलर


मेसा
१५ ऑक्टोबर १९६६

मर्ना,

(आता 'मिस केसलर' पुरे. चार कोलाचे खाल्लेल्या माणसाला मी नावाने हाक मारतो.)

इथे मुलीच्या अंगणात संत्र्याचं झाड आहे. झाडावरून संत्रं तोडून खाणं हा प्रकार मला अजून चोरीसारखा वाटतो. नात म्हणते, "आजोबा, इकडेतिकडे बघून कशाला तोडता?" तिच्या कुत्र्याने माझा डावा जोडा खाल्ला. उजवा त्याला आवडत नाही. हवा कोरडी आहे, खोकला बराच कमी आहे. शेजारी सगळे म्हातारे, कुणी मिनेसोटाचे, कुणी आयोवाचे, आणि सगळे दिवसभर आपापल्या गावच्या थंडीची बढाई मारतात.

शाळा बोर्डाच्या सभा भलत्या कंटाळवाण्या असतात. वही कोण लिहितं ते बघ, बहुतेक आळस झाला असेल. लीरॉय भला माणूस आहे. तू सध्या फुटबॉलकडे लक्ष दे. खेळणाऱ्या मुलांच्या आडनावांची अक्षरं तपासून घे, चेक आडनावात एक चूक झाली तरी तीन पिढ्या येऊन उभ्या राहतात.

ऑरिन


पिकेट
४ नोव्हेंबर १९६६

वासेकसाहेब,

एवढं लांब पत्र आणि माझ्या प्रश्नाला तीन ओळी. तुमच्या संत्र्यांना आणि नातीच्या कुत्र्याला मात्र पाच.

बाकी सगळं झकास चाललंय. शनिवारी माझी मोटार खड्ड्यात गेली, तर मी उतरायच्या आत दोन ट्रॅक्टर हजर. एकाने ओढलं, दुसरा नुसताच बघायला आला होता. घरी आले तर दारात कुणीतरी भोपळे ठेवलेले. कुणी ठेवले ते कुणीच सांगत नाही. गुरांचे डॉक्टर भेटले. उंच आहेतच. ते म्हणाले, "तो चॉप मी खाल्ला नव्हता हे तुम्हीच माझ्या आईला सांगाल का?"

पण बुधवारी लीरॉय बार्तोश ऑफिसात आले. मोठे, अवघडलेले, दारात मान वाकवून उभे. मी वह्यांबद्दल विचारलं होतं हे त्यांच्या कानावर गेलं होतंच. म्हणाले, "बाई, काही गोष्टी वेळेआधी छापल्या की गाव दुभंगतं. ऑरिन समजूतदार होता." आणि गेले.

तेव्हापासून ते वाक्य मला सोडत नाही. मी तुम्हाला विचारते, आणि या वेळी संत्री नकोत. गार्नेटमध्ये काय चाललंय हे तुम्हाला ठाऊक होतं का? हो की नाही?

मर्ना


मेसा
११ डिसेंबर १९६६

मर्ना,

पाच आठवडे लावले उत्तराला. या पत्राचे चार कच्चे कागद शेगडीत गेले, आणि इथे शेगडीची गरजही नाही.

हो.

गेल्या वर्षीच्या जुलैमध्ये लीरॉय आणि मी नदीवर मासे धरत होतो. चाळीस वर्षं धरतोय. त्याने गळ बाजूला ठेवला आणि सांगितलं की आपल्या हायस्कूलमध्ये आता एकेचाळीस मुलं उरली आहेत, शास्त्र शिकवायला माणूस मिळत नाही, आणि बोर्ड गार्नेटशी बोलतंय. दोन्ही शाळा एक करायच्या, हायस्कूल तिकडे न्यायचं. मी म्हटलं, "लीरॉय, हे मला छापावं लागेल." तो म्हणाला, "सुगी होऊ दे." मग म्हणाला, नाताळ होऊ दे. मग म्हणाला, पेरण्या होऊ देत. दर वेळी मी मान हलवली.

अडतीस वर्षं मी या गावात मिरवलं की क्लॅरियन काही लपवत नाही. आणि लपवली ती गोष्ट केवढी! दर गुरुवारी अंक हातात घेतला की मला ती न छापलेली जागा दिसायची. खोकला खरा आहे, पण फार नाही. पेपर विकला तो खोकल्यामुळे नाही, मर्ना. छापायची हिंमत नव्हती आणि न छापता गावात फिरायची लाज वाटत होती. म्हणून तुला विकला. हे तुला सांगायला हवं होतं, तेही मी केलं नाही. लीरॉयलाही मी निघाल्यापासून चार ओळी लिहिलेल्या नाहीत, आणि त्यानेही मला नाहीत.

आता पेपर तुझा आहे. काय करायचं हे मी सांगणार नाही. तो अधिकार मी त्या नदीवरच घालवला.

ऑरिन


पिकेट
२१ जानेवारी १९६७

प्रिय वासेकसाहेब,

तुमचं पत्र वाचून आधी मी दोन दिवस तुमच्यावर चिडले. मग आणखी एक दिवस चिडले. मग कामाला लागले.

बोर्डाच्या दुसऱ्या दोन सभासदांकडून, आणि गार्नेटच्या लोकांकडूनही, सगळं पडताळून घेतलं आणि पहिल्या पानाचा मजकूर तयार केला. मथळा हाताएवढा: 'शाळा बंद करण्याचा गुप्त डाव!' फर्डिनंडने ते खिळे कपाटाच्या तळातून काढले. म्हणाला, "हे खिळे महायुद्ध संपलं तेव्हा वापरले होते."

मंगळवारी सकाळी नेहमीप्रमाणे अल्विनाबाई आल्या. कॉफी ओतून घेतली, टेबलावरचा कच्चा छाप उचलला, चष्मा लावून सगळा वाचला. मग म्हणाल्या, "खरं आहे सगळं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"लीरॉय चार वेळा गार्नेटला जेवायला गेला, एवढं ठाऊक होतं. तिथल्या मुख्याध्यापकाची बायको माझी मामेबहीण. कशासाठी गेला ते आता कळलं." त्यांनी कागद खाली ठेवला. "पोरी, हे असं छापलंस तर लोक लीरॉयच्या दारात जाऊन ओरडतील. महिनाभर ओरडतील. आणि शाळेचं काय करायचं, हे विचारायला कुणाच्या घशात आवाज उरणार नाही."

"म्हणजे छापू नको?"

"कोण म्हणतं? छापायलाच हवं. पण कोण कुणाकडे जेवलं हा विषय सत्तावीस वर्षं माझा आहे. दे इकडे ती पेन्सिल."

आणि बसून लिहू लागल्या. मधेच उठल्या, टेलिफोन फिरवला आणि सरळ लीरॉयच्या बायकोला विचारलं, "अर्मा, गार्नेटला तुम्हाला जेवायला काय वाढलं होतं गं? पेपरात द्यायचंय." लीरॉयचं घरही तुमच्या त्या आठ घरांच्या तारेवर. मी डोकं धरून बसले.

वीस मिनिटांत लीरॉय दारात. टोपी काढायचंही भान नाही. अल्विनाबाईंनी कागद पुढे केला. मजकूर असा होता:

'अध्यक्ष श्री. लीरॉय बार्तोश आणि मिसेस बार्तोश १० जानेवारीला गार्नेटचे मुख्याध्यापक यांच्याकडे जेवायला गेले होते. भाजलेलं बीफ, बटाटे आणि ॲपल पाय असा बेत होता. आपलं हायस्कूल गार्नेटच्या शाळेत मिळवावं का, यावर बोलणं झालं. अशा भेटी गेल्या दीड वर्षात चार झाल्या. आपल्याकडे एकेचाळीस मुलं आहेत आणि शास्त्राला शिक्षक नाही. पाहुणे आठ वाजता घरी परतले. आता या विषयावर सगळ्या गावाने एकत्र बसावं, असं श्री. बार्तोश यांनाही वाटत असेल.'

लीरॉयनी दोनदा वाचलं. फर्डिनंडने यंत्र थांबवलं होतं. मला वाटलं, आता कागद फाडतील. त्यांनी पेन्सिल घेतली, एक शब्द खोडला, वर दुसरा लिहिला आणि म्हणाले, "बीफ नव्हतं. हॅम होतं." मग दारात थांबून, पाठ करूनच म्हणाले, "सभा तीन फेब्रुवारीला ठेवतो. तेही छापा."

मी माझा मथळा मोडला. तो मजकूर पहिल्या पानावर, चौकटीत, जसाच्या तसा गेला. खाली मी आकडे, बोर्डाचं म्हणणं आणि त्या कोऱ्या सभांच्या तारखा दिल्या. गुरुवारी दुपारपर्यंत एकही अंक उरला नाही.

मर्ना


मेसा
२८ जानेवारी १९६७

मर्ना,

मी इतका हसलो की मुलगी धावत आली, तिला वाटलं खोकला उलटला. हॅम होतं! मग मी परसात जाऊन बसलो आणि हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. अडतीस वर्षांत मला सुचलं नाही ते अल्विनाने वीस मिनिटांत केलं.

सोबत एक कागद आहे. 'संपादकास पत्र' म्हणून छाप. त्यात लिहिलंय की माजी संपादकाला ही गोष्ट वर्षभर ठाऊक होती, त्याने छापली नाही, आणि दोष त्याचाच, कारण कुणी काहीही मागितलं तरी नाही म्हणायचं काम त्याचं होतं. लीरॉयचं नाव त्यात नाही. एक शब्दही कापू नकोस. सभा होऊन जाऊ दे, मग छाप, नाहीतर लोक माझ्यावरच बोलत बसतील.

सभेचं लगेच कळव. मी टपालवाल्याला रोज गाठतो, तो आता रस्ता बदलून जातो.

ऑरिन


पिकेट
१२ फेब्रुवारी १९६७

प्रिय ऑरिन,

(तुम्ही कोलाचेवर नाव घेतलंत, मी या सभेवर घेते.)

बाहेर उणे नऊ आणि शाळेच्या खेळाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नाही. पहिला अर्धा तास नुसता आरडाओरडा. एक जण म्हणाला, "माझा नातू गार्नेटचा शर्ट घालणार? त्यापेक्षा उघडा हिंडला तरी चालेल!" त्यावर नातू म्हणाला, "आजोबा, थंडी आहे." तिथे लोक हसले, आणि हसल्यावर जरा ऐकायला लागले.

लीरॉय उभे राहिले. आधी म्हणाले, "मी लपवलं ते चुकलं. तुम्ही भांडाल म्हणून घाबरलो होतो. भांडताय, पण माझ्या डोक्यात भांडत होतात त्यापेक्षा बरंच कमी." मग एकेक आकडा वाचला. मी मनाशी धरून बसले होते की आपल्या बातमीने शाळा वाचणार. शेवटी अल्विनाबाई उठल्या, आणि मला वाटलं, आता त्या वाचवतील.

त्या म्हणाल्या, "मी या शाळेत शिकले, माझी पाच मुलं शिकली. माझ्या नातीला डॉक्टर व्हायचंय, आणि तिला इथे रसायनशास्त्र कोण शिकवतं? फुटबॉलचा मास्तर, पुस्तकातून वाचून. मी शाळा एक करण्याच्या बाजूने आहे." आणि खाली बसून रुमालात तोंड घातलं. त्यांच्या यजमानांनी उरलेली सभा त्यांचा हात सोडला नाही.

मतं पडली: शाळा एक कराव्यात दोनशे एकतीस, करू नयेत एकशे चव्वेचाळीस. हायस्कूल गार्नेटला जाईल. आठवीपर्यंतची दोन्ही गावांची मुलं इथे, आपल्या इमारतीत येतील. नव्या संघाचं नाव मुलं ठरवणार. बाहेर पडताना मला रडू येत होतं. फर्डिनंड शेजारून चालत होता, म्हणाला, "बाई, कुणी येऊन बंद पाडली असती तर मीही रडलो असतो. ही आपण बसून ठरवलीय." मग शाळेच्या तळघरात कॉफी झाली आणि बाजूने मत दिलेल्यांनी विरोधातल्यांना ॲपल पाय वाढला. सगळेच बोलले असं नाही, पण ॲपल पाय सगळ्यांनी खाल्ला.

तुमचं पत्र गुरुवारच्या अंकात छापलं, एक शब्द न कापता. मी दिवसभर दाराकडे बघत बसले. तुमचे लोक मला आता माहीत झालेत असं वाटत होतं, पण ते तसे अजून पुरते कळत नाहीत. अकरा जण आले. कुणीही रागावलं नव्हतं. सगळ्यांनी तुमचा पत्ता नीट लिहून घेतला आणि विचारलं, "ऑरिनची तब्येत बरी आहे ना?" अल्विनाबाईंनी पुढच्या आठवड्याच्या सदरात लिहिलंय: 'श्री. ऑरिन वासेक यांचं मेसाहून पत्र आलं. ते उन्हाळ्यात इकडे येणार असल्याचं समजतं.' मी म्हटलं, "पण असं त्यांनी कुठे लिहिलंय?" त्या म्हणाल्या, "छापून आल्यावर येईल."

आज लीरॉय आले. तुमच्या पत्राचं कात्रण खिशात घडी घालून ठेवलेलं. मघापासून माझ्या टेबलासमोर बसलेत. म्हणतात, मला पत्रं लिहिता येत नाहीत, तुम्हीच काय ते लिहा. मी नाही म्हटलं. पेन त्यांच्या हातात देतेय. खालचं अक्षर त्यांचं आहे आणि मी वाचणार नाही.

तुमची,
मर्ना

ऑरिन,

ही बाई बाहेर जाऊन उभी राहिली आहे, एवढ्या थंडीत, कोटाशिवाय. म्हणून थोडक्यात लिहितो.

गप्प राहा असं तुला मी सांगितलं. तू मित्र म्हणून राहिलास. मग तू गाव सोडून गेलास तर मी तुझ्यावरच रागावलो. दोन्हीचा दोष माझ्याकडे. पेपरात तू माझं नाव घातलं नाहीस. घालायला हरकत नव्हती.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात अर्मा आणि मी आगगाडीने तुझ्याकडे येतोय. तिला निवडुंग बघायचेत. मला निवडुंगाचं काही नाही.

लीरॉय